मुलांची शस्त्रक्रिया आणि वांती
(ज्ञातिमंडळाच्या स्नेहसंमेलनातील भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने वैद्यकावर बोलावे, हा अधिकारातिक्रमच होय. परंतु गेल्या वर्षी आमच्या सहा वर्षांच्या नातीच्या डोळ्याच्या तिरळेपणावर शस्त्रक्रिया झाली. सकाळी न्यावयाचे, सायंकाळी घरी आणावयाचे, अशी. तेव्हा जे शिकलो, ते कार्यकारिणीच्या आग्रहावरून सांगतो.

भुलीतील वायू आणि अफूच्या जातीची वेदनाशामके यांमुळे मुलांना मागाहून मळमळ व वांती होते. ती थांबेना, तर रात्र रुग्णालयातच काढावी लागते. कोणास होईल, याचा अंदाज मात्र बांधता येतो. २००४ साली एबरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या : वय ३ वर्षे वा अधिक, शस्त्रक्रिया अर्धा तास वा अधिक, ती तिरळेपणाची असणे, आणि मुलास, भावंडास वा आईबापांस पूर्वी असा त्रास झालेला असणे. चारही जुळल्या तर शंभरांत सुमारे ७० मुलांना वांती होते. एकही नसेल तर ९.

पहिल्या तीन खुणा डॉक्टरांस दिसतात. चौथी आपल्याच तोंडून कळावयाची. नेमके तेथेच आम्ही चुकलो. आमच्या मुलीस, म्हणजे नातीच्या आईस, लहानपणी टॉन्सिल काढल्यावर रात्रभर ओकाऱ्या झाल्या होत्या. तरी भूलतज्ज्ञ बाईंना ‘आमच्या घराण्यात असे काही नाही’ असे आम्ही ठासून सांगितले. (घराण्याविषयी विचारले की आपणां सर्वांची मान आपोआप ताठ होते!) मुलीनेच पुढे होऊन खरे सांगितले. त्यावर बाईंनी ऑंडान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन ही दोन औषधे शिरेतून दिली, वायूऐवजी प्रोपोफॉलची भूल ठेविली आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉलवर भागविले.

दुसरी गोष्ट दुधाची. त्या पहाटे आमचे कुटुंब ‘पोर उपाशी कशी जाईल’ म्हणून पेला घेऊन निघाले होते, वेळीच अडविले. पोटातील दूध भुलीत श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. अन्न व गाईम्हशीचे दूध ६ तास आधी बंद. साधे पाणी मात्र सामान्यतः २ तास आधीपर्यंत चालते, ते तोडून मुलास सुकवू नये. आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळ तीच खरी.

शुद्धीवर आल्यानंतर ‘काहीतरी घे’ म्हणून मागे लागू नये. बळेच पाजल्याने वांती वाढते. नात घरी येताना रिक्षेत एकदाच ओकली. रात्री आठाच्या सुमारास तिने आपण होऊन मऊ भात मागितला, चार घास खाल्ले आणि झोपली.