पानी आणि पाणी

मी शिक्षक असतांना एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, पानी पिऊन येऊं का?" मीं त्याला 'पाणी' हा शब्द दहा वेळां म्हणावयास लावला. वर्ग हंसला, मुलगा तहानेलाच राहिला. वास्तविक त्याचा शब्द मला तत्क्षणीं कळला होता!

कान एकेक अक्षर तपासून शब्द ओळखीत नाहीं. शब्दाचा आरंभ कानीं पडतांच मन अनेक संभाव्य शब्द पुढें आणतें आणि संदर्भावरून त्यांतला नेमका निवडतें. पूर्वीं कोणी 'दोन मन ज्वारी' मागितली, तर दुकानदार अंतःकरण मोजूं लागत नसे. १९७० सालीं अमेरिकेंत रिचर्ड वॉरेन यांनीं ध्वनिमुद्रित वाक्यांतील एका शब्दाचा एक ध्वनि काढून तेथें खोकला घातला. तरीहि २० पैकीं १९ श्रोत्यांना कांहीं गळल्याचें जाणवलें नाहीं.

संदर्भावांचून मात्र 'मन' कीं 'मण' हें कळणें कठीण. म्हणून शुद्ध उच्चार शिकवावाच. पण आधीं तहान भागवावी, मग 'ण' शिकवावा. त्या दिवशीं मुलाची जीभ एका अक्षरानें चुकली. मी मात्र पुरताच चुकलों.