बाबा रुग्णालयात असताना

(गव्हाण, ता. पनवेल येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण. वक्त्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीधर असून रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करतात.)

एरवी मी बैठकांत दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलते. आज आमच्याच घराबद्दल बोलायचं आहे, म्हणून थोडा संकोच वाटतो. गव्हाण माझं माहेर. समोर माझ्या काक्या बसल्यात, शाळेतल्या मैत्रिणी बसल्यात. वहिनीला आणि आईला विचारूनच बोलते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे बाबा ओटीवरून उठायला गेले आणि पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे पाच तास 'जरा पडू द्या, बरं वाटेल' यात आणि गाडी शोधण्यात गेले. म्हणून आधी हेच सांगते. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

बाबा तेवीस दिवस मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात होते. मी सासरहून येऊन इथंच राहिले. रोज खारकोपरला लोकल धरायची, नेरूळला गाडी बदलायची आणि पुढं मुंबई. भेटायची वेळ दुपारी चार ते सहा, पास एकच. पुरुषांचा वॉर्ड, त्यामुळं रात्री बाईमाणसाला थांबू देत नाहीत. रात्री दादा खाटेखाली चटई टाकून झोपायचा. त्याचेही हाल झाले, ते मी नाकारत नाही.

पण या तेवीस दिवसांत घर कसं चाललं? वहिनी उरणच्या बाजूला एका गोदामात कंत्राटी साफसफाईचं काम करते. ती साडेचारला उठायची. भाकऱ्या थापायच्या, दादाचा डबा, माझा डबा, दोन मुलांचे डबे, आईचं पथ्याचं. बाबांचे मळलेले कपडे, चादरी मी पिशवीत घालून आणायचे. ते रात्री दहाला धुवायची ती. पावसात वाळत नसत, म्हणून इस्त्रीनं वाळवायची. अकरा दिवसांचा रोज बुडाला. आणि सासऱ्यांना भेटायला तिला मिळालं फक्त दोनदा.

गावातले लोक मला म्हणायचे, "लेक असावी तर अशी." दादाला म्हणायचे, "पोरानं बापाचं केलं." वहिनीला कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही. एका रात्री ती मोरीवर चादर आपटत होती आणि मी तिला विचारलं, "उद्या डब्यात काय देशील?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा कुठं मी तिच्या हातातली चादर घेतली.

केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. घरात माणूस आजारी पडलं की त्या २८९ मध्ये किती भर पडते, ते आपल्याला पाहणीशिवायही ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सांगते ती माझ्याच चुकीची. मी रुग्णालयात समाजसेविका आहे. रोज फॉर्म भरते. 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात बायको समोर बसलेली असली, मुलगी धावपळ करत असली तरी, सवयीनं मी मुलाचं नाव लिहीत आले. बाबांच्या नाकात नळी घालायची होती तेव्हा मी संमतीपत्रावर सही करायला पुढं झाले. तिथले डॉक्टर म्हणाले, "मुलगा नाही का कुणी?" दादा येईपर्यंत दोन तास कागद तसाच पडून राहिला. मुलाचीच सही हवी असा कुठलाही कायदा नाही. हे मला पाठ होतं, आणि तरी त्या क्षणी मी गप्प बसले. बाकाच्या त्या बाजूला बसल्यावर शिकलेल्या बाईचीही जीभ जड होते. परत कामावर गेल्यावर मी पहिला बदल केला तो त्या रकान्यात.

आणि आई? तिला आम्ही आठ दिवस नेलंच नाही. गुडघे दुखतात, गर्दीत झेपायचं नाही, घर उघडं कसं टाकायचं, अशी आमची कारणं. खरं म्हणजे बाबांचं दुखणं किती मोठं आहे हेही तिला नीट सांगितलं नव्हतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड हवं होतं. ते कुठं आहे हे घरात फक्त तिला माहीत. पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढून देताना ती म्हणाली, "कागूद माझ्याकडनं नेतांव, आन् मना कोणी इचारलाच नाय."

नवव्या दिवशी तिला घेऊन गेले. आम्ही सगळे बाबांच्या कानाशी ओरडत असू, "ओळखलंत का? मी कोण?" जणू परीक्षाच. आईनं तसलं काही विचारलं नाही. त्यांच्या तळपायाला तेल चोळत बसली आणि घरचं सांगत राहिली. पडवीचा पत्रा गळतो, मागल्या दारी भोपळ्याचा वेल चढला, धाकट्या नातवाचा दात पडला. बाबा तिच्याकडे तोंड करून पडून होते. दोन तासांत त्यांनी नजर हलवली नाही. दुसऱ्या दिवसापासून पास आईचा झाला.

आता शेवटची गोष्ट. ती सांगू की नको, असं मला फार वाटलं. विसाव्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ शाईचा पॅड आणि कागद घेऊन वॉर्डात आले. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद. बाबांचा अंगठा घ्यायचा, खाली आईची आणि माझी सही. मी वाचलं. त्यात आम्ही दोघी आमचा हक्क सोडत होतो.

मैत्रिणींनो, ही साडेबारा टक्के जमीन फुकट मिळालेली नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. बाबा त्या वेळी तिथं होते. घरोघरच्या बायकाही होत्या. मोर्चात बाई चालते, मग सातबाऱ्यावर का चालत नाही?

मी अंगठा घेऊ दिला नाही. जो माणूस बोलू शकत नाही, त्याला काय समजलं हे कुणी सांगायचं? दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मला झोप लागली नाही. माहेर तुटेल ही भीती काय असते, ते इथं कुणाला समजावून सांगायला नको.

कायदा मात्र स्वच्छ आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हा हक्क जन्मानं मिळतो, वडील तेव्हा हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि नवरा वारला तर त्याच्या वाट्यात बायकोही मुलांच्या बरोबरीची वारस असते. जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की मागं फिरणं फार कठीण. तुम्हाला हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, पण घरी बसून, वाचून, विचार करून. आजाऱ्याच्या खाटेशी उभं राहून सही करू नका.

बाबा घरी आलेत. दोन-चार शब्द बोलतात, हात अजून उचलत नाही. 'पेशंटला घरी न्या' याचा अर्थ 'बायकांच्या हवाली करा' असाच होत आला आहे. म्हणून पहिल्याच रात्री आम्ही सगळे एकत्र बसलो. आंघोळ आणि कूस बदलणं दादाकडे. नळीतून पेज द्यायला तो परिचारिकेकडून शिकला होता, तेही त्यानं सुरू ठेवलं. रविवारी मी येते, त्या दिवशी वहिनीला सुट्टी. ती कुठं जाते हे कुणी विचारायचं नाही. कागदांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दादा आणि मी बोलतो, पण त्या विषयावर आलो की दोघंही थांबतो. खोटं कशाला सांगू?

तुमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी आज ना उद्या असं दुखणं येणार आहे. तेव्हा आत्ताच ठरवूया. रेशनकार्ड, आधार कुठं आहे ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. भेटीचा पास आईलाही मिळू द्या. आणि डबा करणारीचा बुडालेला रोज औषधांच्या खर्चाशेजारी वहीत लिहा. आमच्या वहीत तो आता लिहिला आहे, अकरा दिवस, वहिनीच्या नावासकट.