कुष्ठरोग आणि आपले प्राथमिक आरोग्य केंद्र

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. खामगावकडच्या जिनिंगमध्ये रुई-सरकीत हयात गेली. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचनालयात आणि माणसांत शिकलो. तरी आज कुष्ठरोगावर बोलतो, कारण हे दुखणं आम्ही जवळून पाहिलं आहे.

आमच्या पाळीत एक गडी होता. त्याच्या हातावर फिकट चट्टा उठला. खाजेना, दुखेना, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. एक दिवस बिडी जळत बोटापर्यंत आली, कातडं करपलं, तरी गड्याला पत्ता नाही! आम्ही हसलो. पुढं वस्तीत कळलं, तसा त्याचा पाण्याचा गिलास वेगळा झाला. बंधूंनो, ज्यांच्या आज्या-पंज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांनीच हा गिलास वेगळा केला, आणि त्यात आम्हीही होतो. लाजेपायी तो उशिरा दवाखान्यात गेला. औषधानं रोग बरा झाला, पण वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. हातचं काम गेलं.

हा रोग पूर्वजन्माचं पाप नव्हे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी याचा जंतू शोधला. शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या श्वासातून, दीर्घ सहवासानं तो पसरतो. आणि बहुतेक माणसांच्या अंगी त्याला रोखण्याची ताकद असते. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला. कुणाला सहा महिने, कुणाला बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू होताच रोग्यापासून लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट आहे.

पूर्वी कुष्ठरोगाचं काम वेगळं चाले. वेगळे कर्मचारी, वेगळी गाडी. गाडी दारात उभी राहिली की अख्ख्या गल्लीला कळे. २००१ नंतर हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत आलं. आता तापाचा रोगी ज्या रांगेत, त्याच रांगेत चट्ट्याचा रोगी. आम्हाला हे योग्य वाटतं. रोजंदारी बुडवून बुलडाण्याला जाणं मजुराला परवडत नाही. गावाजवळचं केंद्र परवडतं.

पण एक धोका आहे. २००५ साली देशात रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आलं आणि निर्मूलन जाहीर झालं. लोक समजले, रोग संपला! संपला नाही, कमी झाला. गर्दीत चट्टा गजकर्ण समजून मलमावर भागवलं जाऊ शकतं. खरी तपासणी तर साधी आहे: डोळे मिटायला लावून चट्ट्याला कापसाची वात हळूच टेकवायची. कळलं नाही तर संशय घ्यायचा. ज्या कापसात आमची उमर गेली, त्याच कापसानं रोग ओळखता येतो, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं!

म्हणून आमचं मागणं थोडकं आहे. केंद्रात चट्टा उजेडात नीट तपासावा. गोळ्यांचा पुरवठा तुटू नये. बधिर पायाला मऊ तळाची एमसीआर चप्पल तिथंच मिळावी. गोळ्या संपल्यावरही हातापायाची काळजी शिकवावी, कारण बधिरपणा पुष्कळदा राहून जातो. आणि आपण? दर पौर्णिमेला विहारात आलेल्यांनी एकमेकांचे हात-पाठ पाहाव्यात, आशाताईला बोलवावं, संशय आला तर सोबत केंद्रात जावं. एकट्याला पाठवू नये.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. जेवण मिळेल म्हणून तो गर्दीकडे आला आणि धम्म ऐकायला बसला. तथागतांनी त्याला उठवलं नाही; तोही समजू शकेल, हे ओळखून त्यांनी उपदेश केला. आमचा तो गडी आज या सभेत नाही. त्याचा गिलास आम्ही वेगळा केला होता. पुढच्या वर्धापनदिनी त्याच्यासारखा माणूस पहिल्या रांगेत बसलेला दिसावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!