मनुष्याकृतीचें रेखाटन : साधनें आणि रीत

शहाद्यास लागून असलेल्या लोणखेड्यांत एखाद्या हौशी मुलास मनुष्याकृति काढावयाची झाल्यास त्यानें समोर काय ठेवावें? मुंबईच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न इतका जाचत नाहीं. तेथील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली. प्रथम तेथें ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून अभ्यास होई. पुढें १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं जिवंत व्यक्तीवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला. पुतळा हलत नाहीं, म्हणून छायाप्रकाश शिकण्यास तो उत्तम; पण त्याच्यावरच हात बसला म्हणजे शेतांतला मजूरहि ग्रीक देवासारखा दिसूं लागतो!

खेड्यांतल्या मुलाच्या हातीं बहुधा छायाचित्र येतें, आणि तेंच अधिक फसवें. भिंगाजवळ आलेला हात त्यांत प्रमाणाबाहेर मोठा दिसतो. सावलींत कोपराचें हाड हरवतें. तें हाड ज्यानें स्वतःच्या हातावर एकदां चांचपून पाहिलें आहे, त्यानें छायाचित्र खुशाल वापरावें. लांकडी बाहुला सांधे दाखवितो, भार दाखवीत नाहीं.

आणि खरी अडचण भाराचीच आहे. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खांचेपासून ओळंबा सोडला, तर तो त्याच पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा खालीं झुकतो. हें एकदां ध्यानांत आलें कीं, काढलेली माणसें कलंडत नाहींत. ओळंब्यास दोरा आणि खडा पुरे. मापास पेन्सिल, मात्र ती धरतांना कोपर ताठ व एक डोळा मिटलेला असावा, नाहींतर प्रत्येक माप निराळें येतें. प्रौढ माणसाची उंची सुमारें साडेसात डोकीं भरते, तान्ह्या मुलाची चारच. शिल्पशास्त्रांतलें नवताल प्रमाण देवमूर्तीचें. ऊंस तोडणाऱ्याला तें लावूं नये.

समोर बसावयास कोण मिळणार? ओसरीवर डुलकी घेणारे आजोबा, चुलीपुढची आई, आणि कोणीच नसेल तेव्हां आरशांतला स्वतःचा डावा हात. दहा मिनिटें पाहून काढावें. मग तीच आकृति न पाहतां पुन्हा काढावी. दुसऱ्या खेपेस जेथें हात अडेल, तेवढ्यापुरतेंच पुस्तक उघडावें.