दगड दळणारे जाते

(सोनाळा येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण दळणाविषयी बोलू. इतक्या आयाबायांपुढे दळणाविषयी बोलणे म्हणजे धाडसच आहे. ज्यांनी पहाटे उठून जाते ओढले, त्यांना आम्ही काय सांगणार? पण आज ज्वारीच्या दळणाची गोष्ट नाही. आज दगडाच्या दळणाची गोष्ट आहे.

आपले सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. शेत आहे तोवर काम आहे. कापूस वेचून झाला, तूर निघाली, की तरुण पोरे पिशवी भरतात आणि बाहेरगावी जातात. कोणी खामगाव-अकोल्याच्या दालमिलमध्ये जातो, कोणी खडीच्या क्रशरवर जातो. कोणी त्याहून लांब जातो, जिथे खनिजाचा दगड फोडतात आणि दळतात. जाणाऱ्याला रोज किती मिळणार हे ठाऊक असते. यंत्र कसे आहे, हे मात्र ठाऊक नसते. ते त्याला तिथे कोणी सांगत नाही, किंवा सांगितले तर घाईत सांगतात. म्हणून हे बोलणे.

आधी आपले घरचे जाते पाहा. दोन तळ्या, मधे खुंटा. मूठमूठ दाणे वैरायचे आणि ओढायचे. दाणा तोंडातून आत जातो, दोन दगडांत भरडला जातो आणि कडेने पीठ पडते. यात बोट चेंगरले तर काय होते? आपण ओय म्हणतो आणि हात थांबतो. हात थांबला की जातेही थांबले. कारण जात्याला जोर आपलाच आहे.

यंत्राचे तसे नाही. त्याला जोर मोटारीचा. आपण ओरडलो तरी मोटारीला ऐकू येत नाही. बटन दाबून वीज बंद केली तरी जड चाक आपल्या वजनाने आणखी काही वेळ फिरतच राहते. हा एवढाच फरक नीट समजला, तर आज जे सांगायचे आहे त्यातले निम्मे समजले.

आता खनिज कसे दळतात ते ऐका. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. शेगावहून रेल्वेने नागपूर, तिथून पुढे तुमसर. तुमसरपासून तिरोडीकडे एक फाटा जातो. त्या वाटेवर भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग नावाचे ठिकाण आहे. तिथे मॅंगनीजची उघडी खाण आहे. जवळच चिखला नावाची दुसरी खाण आहे, ती जमिनीच्या पोटात आहे. या मुलखात मॅंगनीज काढण्याचे काम फार जुने आहे. १८९६ साली एका इंग्रज मंडळीने त्याचा आरंभ केला. १९६२ साली त्यात भारत सरकार भागीदार झाले आणि मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली. १९७७ साली ती सगळीच सरकारी मालकीची झाली. आज तिला 'मॉइल' म्हणतात. तिची कचेरी नागपुरात आहे.

मॅंगनीज म्हणजे काळा, जड दगड. पोलाद करताना तो लागतो. डोंगरीचा दगड आणखी एका कामाचा आहे. टॉर्चचा जुना सेल पोरे फोडतात, तेव्हा आतून काळी भुकटी निघते ना? हात काळे होतात आणि आई ओरडते. त्या भुकटीत मॅंगनीज असते. (सेल फोडू देऊ नका, हे जाता जाता सांगतो.)

दगडाची भुकटी एका दमात होत नाही. आधी त्याला जबड्याच्या यंत्रात टाकतात. त्याला जॉ क्रशर म्हणतात. लोखंडाचे दोन जाड पाट असतात. एक स्थिर, दुसरा पुढे-मागे हालतो. बैल कडबा चघळतो तसे ते यंत्र दगड चघळते. तिथून फुटलेला दगड पट्ट्यावरून चाळणीवर जातो. मोठा राहिला तो परत जबड्यात, बारीक झाला तो पुढे.

पुढे असते बॉल मिल. हे खरे दगडाचे जाते. पण त्यात तळ्या नाहीत. एक मोठा आडवा पोलादी पिंप असतो, खोलीएवढाही असू शकतो. आतून त्याला जाड पोलादी पाट लावलेले असतात. पिंपाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त भाग पोलादी गोळ्यांनी भरतात. पिंप फिरले की गोळे एका बाजूने वर चढतात आणि खाली कोसळतात. त्यांच्या माराने आणि घासण्याने दगडाचे पीठ होते. गंमत पाहा, पिंप फार जोरात फिरवले तर दळण होतच नाही. पाण्याची बादली हाताने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, बुडाला चिकटून राहते. तसे गोळेही पिंपाला चिकटून फिरत राहतात, पडतच नाहीत. म्हणून वेग बेताचा ठेवतात. जास्त वेग म्हणजे जास्त काम, हे इथे खोटे ठरते.

माणूस कुठे सापडतो? बहुतेक वेळा यंत्र नीट चालू असताना नाही. यंत्र अडते तेव्हा सापडतो. जबड्यात मोठा धोंडा अडकला, पट्टा एका बाजूला सरकला, चाळणी तुंबली. मुकादम घाई करतो. मग कोणी पहार घेऊन जबड्यावर वाकतो, कोणी पट्ट्याखालचा गोटा हाताने काढायला जातो.

मागे वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एक गडी म्हणाला, "गुर्जी, पट्टा चालू असतानीच गोटा काढला तं काम लवकर होते." त्याचे खरे आहे. दहा वेळा लवकर होते. पण पट्टा जिथे रोळावर चढतो ती जागा पाहा. तिथे पट्टा आणि रोळ यांच्यात फट कमी कमी होत जाते. गोटा धरलेला हात तिथे लागला की पट्टा त्याला आत ओढतो. मागे घ्यायला आपल्याला निमिषभर तरी लागते, आणि तेवढ्यात पट्टा हातभर पुढे गेलेला असतो. हात ओढला जातो, त्यामागे खांदा जातो. अशा जागांवर जाळी बसवलेली असते. ती साफसफाईला काढतात आणि मग कोपऱ्यात उभी करून ठेवतात. जाळी कोपऱ्यात दिसली, तर ते यंत्र चालवायचे नाही. आधी जाळी लावायची. पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असते. ती शोभेची नाही. ओढली की पट्टा थांबतो. कामावर पहिल्या दिवशी पाणी कुठे प्यायचे हे विचारता, तसे ही दोरी कुठे आहे हेही विचारा.

कपड्यांचे सांगतो. सैल बाही, गळ्यातला गमछा, ओढणी, पदर, हातातले कडे, बोटातली अंगठी, गळ्यातला ताईत, यांतले काहीही फिरत्या दांड्याला लागले तर दांडा ते गुंडाळून घेतो. दांडा गुळगुळीत दिसतो म्हणून फसू नका. बायांनी केस बांधून घ्यावे. हातमोजे दगड उचलताना चांगले, पण फिरत्या यंत्राजवळ तेच घात करतात, कारण मोजा अडकला की हातही गेला. १९४८ सालच्या कारखाने कायद्यात असे घातले होते की, चालत्या यंत्राला तेल देणे किंवा पट्टा सरकवणे हे काम शिकवून तयार केलेल्या माणसानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे. आणि यंत्राची चालती जागा साफ करायला बाईला किंवा अल्पवयीन पोराला लावू नये. त्यानंतर कायदे बदलले, नव्या संहिता आल्या. पण फिरत्या दांड्याचा स्वभाव बदललेला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा लांबच्या एका क्रशरवर गेला होता. धोंडा अडकला म्हणून त्याने यंत्र बंद करायला लावले आणि आत हात घातला. इतक्यात पाळी बदलली. बटनाजवळचा माणूस घरी गेला, नवा आला. नव्याला काय ठाऊक, आत कोण आहे? यंत्र बंद दिसले, त्याने चालू केले. मुलाची उजव्या हाताची तीन बोटे गेली. आज तो डाव्या हाताने सही करतो. त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुरेख होते, म्हणून आम्हाला ते जास्त लागले.

त्यात चूक कोणाची, हे लोक अजून भांडतात. आम्ही म्हणतो, चूक त्या रीतीची. बटन बंद केले म्हणजे यंत्र बंद झाले, असे नाही. रीत अशी आहे. बटन बंद करायचे. मग मागचा मोठा स्विच खाली ओढायचा आणि त्याला कुलूप घालायचे. कुलूप आपले, किल्ली आपल्याच खिशात. कुलपाला पाटी अडकवायची: 'चालू करू नका. माणूस काम करीत आहे.' पाटीवर आपले नाव लिहायचे. नंतर चालू करायचे बटन मुद्दाम दाबून पाहायचे. यंत्र हालले नाही, तरच हात घालायचा. आत तिघे उतरले असतील तर तीन कुलुपे. एकाचे काम आधी झाले तर त्याने आपले कुलूप काढावे, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नये.

पाहा, इथे तुमचे शिकणे कामाला येते. तुमचे नाव तुम्हीच त्या पाटीवर लिहायचे आहे. दुसऱ्याचे नाव तुम्हीच वाचायचे आहे. अंगठ्याने हे होत नाही.

बॉल मिलची आणखी एक खोड आहे. बंद केल्यावर गोळ्यांचा आणि दगडाचा ढीग पिंपात एका बाजूला कललेला राहू शकतो. पकड सुटली की पिंप आपोआप उलटे गडगडते, विजेशिवाय. म्हणून ते पूर्ण स्थिर झाले का हे पाहतात आणि अडकण लावतात. मगच झाकण खोलायचे. आत उतरण्याआधी हवा चांगली आहे का ते तपासायचे. वर चिकटलेला गाळ किंवा गोळा डोक्यावर पडू शकतो. बाहेर एक माणूस उभा हवाच, आणि त्याने बिडी ओढायला म्हणून जागा सोडायची नाही.

हे झाले दिसणारे संकट. न दिसणारे याहून वाईट, ते म्हणजे धूळ.

उन्हाच्या कवडशात धूळ दिसते, तिला आपण भितो. पण ती नाकातच अडकते. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. तेच फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. गारगोटीच्या दगडाची अशी धूळ वर्षानुवर्षे आत गेली की फुप्फुस कडक होत जाते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. दम लागतो, खोकला येतो, माणूस वाळतो. लोक टीबी समजतात. अशा माणसाला टीबी लवकर जडतो हेही खरे, पण टीबी औषधाने बरा होतो. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही.

आपल्या डोंगरापलीकडे मध्य प्रदेश आहे. तिथल्या अलिराजपूर, झाबुआ, धार जिल्ह्यांतले आदिवासी बांधव गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. गरिबीपायी गेले. धूळ घेऊन परत आले आणि तरुणपणीच मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली मेलेल्या २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते देण्याचा हुकूम केला. मधली सहा वर्षे त्या बायापोरांनी कशी काढली असतील, ते तुम्ही मनाशी समजा.

मॅंगनीजची धूळ वेगळी. ती मेंदूला आणि नसांना धरते. १८३७ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या जॉन कूपर नावाच्या डॉक्टराने हे प्रथम लिहून ठेवले. त्याने पाहिलेले मजूर मॅंगनीजचा काळा दगडच दळत होते. त्यांच्या पायांतला जोर गेला, चालताना ते पुढे कलत, आवाज बारीक झाला. म्हणजे हे दुखणे जगाला कळून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली.

यावर उपाय काय? पहिला उपाय पाणी. दगडावर पाण्याचा फवारा असला तर धूळ उडतच नाही. दुसरा, यंत्र झाकून धूळ ओढून घेणारा पंखा. तोंडाचा मुखवटा या दोन्हींच्या नंतर येतो. गमछा मुळीच चालत नाही, बारीक कण त्यातून सहज जातो. धुळीचा खास मुखवटा हवा, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. कोरड्या खराट्याने झाडू नका, पाणी मारून घ्या. यंत्राजवळ बसून भाकर खाऊ नका. आणि बायांनो, कामाचे कपडे घरात झटकू देऊ नका. ती धूळ पाळण्यातल्या लेकराच्या छातीत जाते. कपडे कामावरच बदलून, वेगळे भिजवून धुवावे.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही खाणीवर जात नाही. पण मळणीयंत्र तर गावातच आहे. सोयाबीन काढताना पेंढी आत लोटायला हात आत जातो, अर्धी रात्र झालेली असते, डोळ्यावर झोप असते. जबडा तोच, फक्त दगडाऐवजी शेंगा. अशा यंत्रांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पेंढी टाकायची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि यंत्राकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात दातांपर्यंत पोचतच नाही. घरी जाऊन फूटपट्टीने मोजून पाहा. आखूड निघाली तर गावच्या लोहाराकडून पत्रा जोडून घ्या.

दिवाळीनंतर जे बाहेर जाणार आहेत, त्यांनी एक वही करावी. कारखान्याचे पूर्ण नाव आणि गाव, ठेकेदाराचे नाव, कामाला लागल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख लिहावी. पगाराची चिठ्ठी मिळाली तर त्यात चिकटवावी. छातीचा एक्स-रे काढला तर त्याची प्रत मागून घ्यावी. पुढे दुखणे आले तर भरपाई मागताना पहिला प्रश्न हाच येतो, की तू तिथे काम करीत होतास याला पुरावा काय? वही घरी ठेवायची, सोबत न्यायची नाही. त्यात काय लिहायचे याचा नमुना आम्ही फळ्यावर लिहीत आहोत. पाट्या काढा आणि उतरवून घ्या.