शर्यतीची मोटारसायकल आणि दूरचा प्रवास

मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासमवेत घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते. १९९८ सालापर्यंत मात्र ते धुळे जिल्ह्यातच होते, आणि धुळे-जळगावकडील मंडळी अद्यापही तेथे हौसेने जातात. या बाजारातील जाणता व्यापारी गिऱ्हाइकास किमतीआधी एक गोष्ट विचारतो: घोडा हवा कशासाठी? मिरवणुकीत नाचणारे जनावर वेगळे, शर्यतीत चौखूर उधळणारे वेगळे, आणि रेवाल चालीने, स्वाराच्या हातातील पेला न हिंदकळविता, कोसच्या कोस जाणारे वेगळे.

हाच प्रश्न अलीकडे खानदेशातील सुशिक्षित घरांतून एका निराळ्या वाहनासंबंधी उपस्थित होऊ लागला आहे. नुकतीच नोकरी लागलेला चिरंजीव वडिलांस सांगतो की, आता घ्यायची ती शर्यतीचीच मोटारसायकल, आणि तिच्यावर बसून जायचे थेट लेह-लडाखला. वडिलांस किमतीची धास्ती, आईस जिवाची. चिरंजिवाचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड असतो: जी गाडी खड्ड्यांतून, वाळूतून, दगडधोंड्यांतून शर्यत जिंकते, तिला रस्ता काय जड? या युक्तिवादात चूक कोठे आहे, हे पाहण्यासारखे आहे.

मातीवरच्या शर्यतींपैकी मोटोक्रॉस हा प्रकार सर्वांत प्रसिद्ध. उंचवटे, खाचा आणि वळणे असलेल्या बंदिस्त मार्गावर ती धावतात. जागतिक अजिंक्यपदाची एक फेरी म्हणजे तीस मिनिटे आणि वर दोन वेढे. एवढ्यात सारा निकाल. या अर्ध्या तासासाठी घडविलेल्या यंत्राचा नमुना म्हणून कावासाकीची केएक्स २५० ही गाडी घ्यावी. वजन सुमारे १०७ किलो, बैठक जमिनीपासून जवळजवळ ९५० मिलिमीटर उंच, आणि पेट्रोलची टाकी अवघी सहा लिटरांच्या आसपास. इंजिन मिनिटाला चौदा हजारांवर फेरे घेते. दिवा नाही, भोंगा नाही, नंबराच्या पाटीला जागा नाही. यांत कंपनीची कंजुषी नव्हे. जे अर्ध्या तासात उपयोगी नाही ते सारे कटाक्षाने वगळलेले आहे.

आता हिशेब मांडावा. अशा गाडीने लिटरला पंधरा किलोमीटर काटले असे धरले, तर जळगावहून निघून एरंडोल, पारोळा मागे टाकीत धुळ्याच्या वेशीशी पोचेपर्यंत टाकीत तळाचेच पेट्रोल उरेल. हा नव्वद किलोमीटरांचा पल्ला एस. टी. रोज आक्रमिते! परंतु पेट्रोल ही किरकोळ बाब. ते वाटेत मिळते. खरी मेख देखभालीत आहे. साध्या गाडीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याचे अंतर हजारो किलोमीटरांत दिलेले असते. शर्यतीच्या गाडीच्या पुस्तिकेत ते तासांत असते. दहा-पंधरा तास चालली की तेल बदला, ठरावीक तास झाले की झडपांची फट मोजा, आणखी काही तास झाले की पिस्टनच नवा घाला, अशी ती दिनचर्या. लेहला जाऊन येण्यास बारा दिवस लागले आणि दिवसाकाठी आठ तास गाडी चालली, तर शहाण्णव तास भरतात. म्हणजे तेल निदान सहा-सात वेळा बदलावयाचे, आणि परतीच्या वाटेवर, कोठेतरी हिमाचलच्या घाटात, इंजिन उघडण्याची वेळ यावयाची. सावकाश चालविल्यास हे तास काहीसे लांबविता येतात हे खरे. पण शर्यतीची गाडी सावकाशच चालवावयाची होती, तर ती घेतली कशाला?

उष्म्याचेही तसेच. या गाड्यांच्या पाण्याच्या जाळीमागे पंखा नसतो. भरधाव वेगाने जो वारा लागतो तोच इंजिन निववतो. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. त्या दुपारी अजिंठा चौफुलीवर मालमोटारींच्या रांगेत ती पाच-दहा मिनिटे उभी राहिली की पाणी उकळू लागावे. शिवाय डांबरी सडकेवर मागच्या चाकाचे हिसके शोषून घेण्यासाठी साध्या गाडीच्या तुंब्यात रबरी ठोकळे बसविलेले असतात. शर्यतीच्या गाडीत ते नसतात, कारण मातीत चाक थोडे घसरते आणि तेवढी सूट पुरते. डांबरावर तो प्रत्येक हिसका थेट साखळीवर आणि गिअरच्या दात्यांवर जातो. मागची चौकट हलक्या धातूची. तिच्यावर तंबू, कपडे आणि डब्यांचे ओझे लादणे म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर धान्याची पोती घालणे होय.

तथापि या यंत्राचा तिरस्कार करणेही अन्यायाचे होईल. खानदेशात असा मुलूख आहे की जेथे त्याच्यासारखे दुसरे वाहन नाही. आषाढात तापीकाठच्या काळ्या मातीतील गाडरस्त्यावर साधी मोटारसायकल नेऊन पाहावी. शंभर-दोनशे हातांत चिखल चाकाला लपेटतो, चाक आणि मडगार्ड यांमधील बोटभर जागा गच्च भरते, आणि चाक फिरेनासे होते. मग स्वार खाली उतरून काटकीने माती उकरीत बसतो. दूधवाल्याच्या जुन्या राजदूतचे पुढचे मडगार्ड पावसाळ्यापुरते काढून ठेवलेले अनेकांनी पाहिले असेल. त्यामागील शहाणपण हेच. शर्यतीच्या गाडीचे मडगार्ड चाकापासून वीतभर उंच असते, टायरांचे ठोकळे विरळ असतात, माती आपोआप झडते. आणि गाडी रुतलीच, तर एकटा गडी ती उचलून काढतो. पांझरेच्या कोरड्या पात्रातील वाळूत, सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकाळ चढावर, हीच गोष्ट. सारा प्रवास असल्याच वाटेचा असता, तर चिरंजिवाचा युक्तिवाद मान्य करावा लागला असता. परंतु लेहच्या वाटेचा बहुतेक भाग आज डांबराचा आहे.

कोणी म्हणेल, मग डाकार रॅलीचे काय? तेथे तर शर्यतीच्याच गाड्या हजारो किलोमीटर जातात. २०१५ साली सी. एस. संतोष या बंगळूरच्या स्वाराने दक्षिण अमेरिकेतील डाकार रॅली केटीएमच्या गाडीवर पुरी केली आणि छत्तिसावा क्रमांक मिळविला. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय. २०२४ साली हरिथ नोआ अकरावा आला. हे अभिमानास्पद आहे. मात्र त्या गाड्यांच्या पोटात तीस लिटरांहून अधिक पेट्रोल मावेल अशा टाक्या असतात, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी स्वार मुक्कामास पोचला की यांत्रिकांची टोळी गाडी ताब्यात घेते. स्वार झोपतो, ते रात्रभर खपतात. मदतनीस न घेता उतरणाऱ्यांसाठीही त्या रॅलीत एक वर्ग आहे. त्यातील स्वारास दिवसभर वाळवंट तुडवून रात्री स्वतःच पाने-पेचकस हाती घ्यावे लागतात, आणि झोप मिळते ती दोन-चार तासांची. लेहला निघालेला नोकरदार तरुण या दुसऱ्या वर्गात आपले नाव नकळत घालीत असतो.

१९७९ साली पहिली डाकार रॅली जिंकणारी यामाहा एक्सटी ५०० ही जातिवंत शर्यतीची गाडी नव्हतीच. दुकानात कोणासही मिळणारी, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी ती गाडी होती. शर्यतीसाठीच घडविलेली यंत्रे तेथे पुढे आली, ती कारखान्यांच्या पथकांबरोबर.

आणि एक गोष्ट वडीलमंडळींनी अवश्य ध्यानी घ्यावी. मोटोक्रॉसची गाडी बंदिस्त मार्गासाठी विकली जाते. तिची नोंदणी होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि १४६ वे कलम विम्याची सक्ती करते. पारोळ्याच्या बाजारात एखाद्या पादचाऱ्यास धक्का लागला, तर नुकसानभरपाई विमा कंपनी देणार नाही. ती त्या घराच्या पुंजीतून जाईल, आणि पुंजी नसल्यास जखमी माणूस तसाच राहील. आईची धास्ती मुलाच्या जिवाची असते. या दुसऱ्या जिवाचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

चिरंजिवाची हौस मारून टाकावी असा याचा अर्थ नाही. रस्त्यासाठी नोंदलेल्या, पण मातीचे वळण असलेल्या गाड्या आता आपल्याकडे होतात. हीरोच्या एक्सपल्स २०० चा जन्म २०१९ चा. टाकी तेरा लिटरांची, वजन एकशे साठ किलोंच्या आतबाहेर, शक्ती जेमतेम एकोणीस अश्वांची. हा आकडा ऐकून तरुण नाक मुरडतात. पण ती गाडी धुळ्याहून निघून शिरपूर, पळासनेर करीत बिजासन घाट चढून जाईल, एका टाकीत चारशेच्या आसपास किलोमीटर काटील, आणि वाटेत बिघडलीच तर तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळू शकेल. शर्यतीची गाडीच हवी असेल, तर तीही जरूर घ्यावी. मात्र ती छोट्या टेम्पोत बांधून एखाद्या मित्राच्या पडीक शेतावर न्यावी, शिरस्त्राण आणि गुडघ्यांचे रक्षक चढवून तासभर मनसोक्त पिटाळावी, आणि उन्हे चढण्यापूर्वी पुन्हा टेम्पोत घालून घरी आणून तिचे तेल बदलावे.