निवड कोण करतं, निर्णय कोण घेतं?

विविधता, समन्याय, सर्वसमावेशकता हे शब्द हल्ली प्रत्येक आरोग्य संस्थेच्या अहवालात असतात. ते खरे आहेत का, हे मी दोन ठिकाणी तपासतो: माणसं निवडताना आणि निर्णय घेताना. त्यासाठी दूर जायला नको, आपल्या छत्तीसगडमध्येच दोन चांगली उदाहरणं आहेत.

पहिलं मितानिनचं. छत्तीसगडीत मितान म्हणजे जिवाभावाचा मित्र. विधी करून जोडलेलं हे नातं अनेकदा जातीपलीकडेही जातं. २००२ मध्ये राज्यात मितानिन कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पाठीशी रायपूरचं राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभं राहिलं. यात एक साधा पण महत्त्वाचा निर्णय होता. मितानिन गावानं निवडायची नाही, पारानं, म्हणजे वस्तीनं निवडायची. गावाची सभा बोलावली की आवाज मुख्य वस्तीचाच चालतो. ओढ्यापलीकडच्या दलित किंवा आदिवासी वस्तीतली बाई निवडून येणं कठीण असतं. एकक बदललं आणि त्या वस्तीची आरोग्यसेविका त्याच वस्तीतली झाली. शाळेची अटही आड आली नाही. अक्षरओळख नसलेल्या बायकाही मितानिन झाल्या. पुढे २००५ मध्ये देशभर आशा योजना आली, तिला या अनुभवाचा उपयोग झाला. आज राज्यात साठ हजारांहून अधिक मितानिन आहेत.

दुसरं उदाहरण दल्ली राजहराचं. तिथल्या लोहखाणींतल्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेनं, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाच्या काळात, १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारलं. पैसा कामगारांचा, श्रमही त्यांचे. कामगारांमधूनच आरोग्यसेवक तयार झाले. ज्यांच्यासाठी दवाखाना, त्यांचाच तो होता.

आता बोचरी बाजू. मितानिनला सुरुवातीला मानधन नव्हतं. नंतर कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळू लागली. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन धावणारी बाई 'स्वयंसेविका' आणि तिच्या कामाचा तक्ता भरणारा माणूस 'कर्मचारी', ही उतरंड समन्यायात बसत नाही. वस्तीतल्या बाईला आपण कामात सामावून घेतलं, पण मोबदल्यात घेतलं का?

म्हणून आपापल्या संस्थेत तीन गोष्टी पाहा. नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी, पदवी, स्वतःची दुचाकी अशा अटी असतील, तर त्यातली कुठली अट कामासाठी खरंच लागते, ते विचारा. बाकीच्या काढून टाका. दुसरं, बैठक कुठल्या भाषेत होते? गोंडी किंवा हलबी बोलणारी कार्यकर्ती हिंदी सादरीकरणासमोर गप्प बसली, तर तिला मत नाही असं समजू नका. आधी तिला बोलू द्या, साहेब नंतर बोलतील. तिसरं, पगारपत्रक आणि कार्यकारिणीची यादी शेजारी-शेजारी ठेवा. वस्तीतली माणसं फक्त खालच्या ओळींत असतील, तर अहवालातला फोटो कितीही रंगीत असो, संस्था जुन्या गावासारखीच चालते आहे.

वस्तीला निवडीचा हक्क देणं इथं जमलं. पुढचं पाऊल आहे तिला निर्णयाचा आणि मोबदल्याचा हक्क देण्याचं. ते कुठल्याही निधीची वाट न पाहता पुढच्याच बैठकीत सुरू करता येईल.